मेनूथमार्गे अमेरिका

अमेरिकेला जायची तयारी म्हणून मी आयर्लंडमधल्याच मेनूथला गेलो. चूक माझी, तिच्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

अमेरिकेचा व्हिसा तीनदा नाकारला गेला, तेव्हा नऊ वर्षांपूर्वी मी पुण्याहून आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नोकरीसाठी आलो. कॉर्क म्हणजे वाटेतला मुक्काम, असं सगळ्यांना सांगून आलो. आता मेनूथच्या विद्यापीठात आठवडाभराचा उन्हाळी वर्ग निघाला होता: अमेरिकेचा इतिहास आणि राज्यव्यवस्था. शेवटच्या दिवशी ज्याचं भाषण सरस ठरेल, त्याला महिनाभर अमेरिकेतल्या एका विद्यापीठात धाडणार होते. मी रजा टाकली आणि बायकोला म्हटलं, "माधवी, मोठी बॅग काढून ठेव."

"आधी ही ठेच्याची बाटली घे," ती म्हणाली.

डब्लिनला गाडी बदलून मेनूथला उतरलो. विद्यापीठाच्या फाटकाशी पडका किल्ला, आत दगडी इमारती, आणि हिरवळ इतकी नीट कापलेली की पाय ठेवायला संकोच वाटावा. राहायला विद्यार्थ्यांची खोली. कप प्रेसमध्ये (भिंतीतल्या कपाटात) होते, धुतलेला एकही नव्हता. जेवायला लझान्या आणि त्याच्याच शेजारी बटाट्याच्या चिप्स. ठेच्यानं दोघांनाही वठणीवर आणलं.

मी पुण्यात परीक्षा दिलेला माणूस. दोन दिवसांत सत्तावीसच्या सत्तावीस घटनादुरुस्त्या पाठ केल्या. प्राध्यापकबाईंनी विचारलं, "यातली एखादी रद्द करायची झाली तर कोणती कराल?" मी पहिलीपासून म्हणायला लागलो. अकरावीला त्यांनी हात वर केला. "ग्रँड," म्हणाल्या. ग्रँड म्हणजे इथे छान, ठीक, चालेल, आणि कधीकधी पुरे.

शेजारी मोरा बसायची. ट्रलीच्या इस्पितळातून निवृत्त झालेली परिचारिका.

"भाषणात काय करणार आहेस?" तिनं विचारलं.

"तुला रडवणार."

"बघ बाबा. माझ्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय."

शेवटच्या दिवशी मी उभा राहिलो. प्रतिनिधी नाही तर कर नाही, या ज्या तक्रारीवरून अमेरिका पेटून उठली, तीच मी स्वतःच्या अंगावर चढवली. म्हणालो, नऊ वर्षं मी या देशाला कर भरतोय, पण माझ्या गल्लीत दिवा कुठे लागावा हे ठरवायला मला एक मत नाही. 'एक' म्हणताना आवाज कापला. त्याचा सराव केला होता. दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि मला विमान दिसायला लागलं.

मोरानं हात वर केला. "तुला मत आहे."

"मी नागरिक नाही," मी समजुतीच्या स्वरात म्हणालो.

"कौन्सिलच्या (नगरपालिकेच्या) निवडणुकीला नागरिक असावं लागत नाही. इथे राहत असलास की झालं. नाव तेवढं नोंदवायचं. तुझा नगरसेवक कोण आहे?"

अमेरिकेचे सगळे राष्ट्राध्यक्ष मला ओळीनं येत होते. हे एक नाव येत नव्हतं.

प्राध्यापकबाईंनी हळूच भर घातली, "तुम्ही जिथे जायला निघालात ना, तिथे नागरिक होईपर्यंत बहुतेक ठिकाणी एवढंही मिळत नाही."

वर्ग हसला. कुत्सितपणे हसले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं हसले. अमेरिकेची वारी एका शाळामास्तराला मिळाली. तो चार मिनिटंच बोलला, पण जे बोलला ते त्याला ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. गायी, दगडी कुंपणं, पुन्हा गायी. याच गाडीनं कितीदा गेलो असेन, पण कॉर्कच्या आधी मॅलो नावाचं स्टेशन लागतं हे त्या दिवशी कळलं. रागावायला कुणीतरी हवं होतं. मोरावर प्रयत्न करून पाहिला, जमलं नाही.

घरी माधवी पोळ्या लाटत होती. मी सगळं सांगितलं.

"मी मागच्या खेपेला टाकलं की मत," ती म्हणाली.

"कधी?"

"तू सोफ्यावर होतास. फॉर्म तुझाही आणला होता. म्हणालास, आपण इथे थोडेच राहणार."

"मग तेव्हाच समजवायचंस मला."

तिनं तव्यावरची पोळी उलटली. "समजवणार कुणाला? नऊ वर्षं झाली, तू अजून इथे आलाच नाहीस."