कोल्ह्याचा मणी

अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या काकूंना वचकून नाही असा माणूस दाखवा, मी त्याला चहा पाजीन. तशा काकू कुणावर साधा आवाजही चढवत नसत. पण त्यांच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी जुने जपानी दागिने बसलेले असत, आणि काकू त्यांच्याशी बोलत. शिंगात, लाकडात कोरलेले प्राणी, रविवारच्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलेले. त्यात एक मासा होता. तो जमिनीखाली वळवळला की भूकंप होतो, अशी जपानी समजूत. एकदा खरंच बिल्डिंग हलली. आम्ही सगळे पार्किंगमध्ये, आणि वरून काकूंचा आवाज, "गप्प बस मेल्या! तव्यावर पोळी आहे माझी!" हादरे थांबले. थांबणारच होते, असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. माझे वडील टेम्पो चालवतात, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माशाला भ्यायला इंजिनिअर झाले नव्हते.

कोल्ह्याचं मात्र मला सांगता येत नाही. हरणाच्या शिंगाचा, बोटाच्या पेराएवढा. पूर्वी किमोनोच्या पट्ट्याला पिशवी अडकवायला वापरलेला, आता काकूंच्या गळ्यातल्या साखळीत. पंजाखाली पोवळ्याचा सुटा मणी. त्या मण्यात कोल्ह्याचा जीव असतो म्हणे, आणि मणी ज्याच्याकडे, त्याचं काम कोल्ह्याला करावंच लागतं. म्हणून कुणी व्हिसा स्टॅम्पिंगला इंडियाला निघालं की काकू हातावर आधी दही घालत, मग मणी ठेवत. "स्वतःच्या जिवासाठी तरी तो तुला परत आणेल."

मी निघाले तेव्हा मलाही दिला. तिकडे व्हिसाच्या ऑफिसात माझा पासपोर्ट अडकला, नोकरी जायची वेळ आली. रडवेली होऊन काकूंना व्हिडिओ कॉल केला. काकू बोलत होत्या, मान हलत होती, साखळी हलत होती. कोल्हा तेवढा स्थिर, माझ्याकडे बघत.

"काकू, त्याला वळवा ना यार!"

"मी कशाला वळवू? मणी तुझ्याकडे आहे."

दुसऱ्या दिवशी पासपोर्ट आला. फाइल पुढे सरकली म्हणून आला, असं मी अजूनही म्हणते.

मग काकूंच्या हार्टचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलला निघताना त्यांनी साखळी काढून माझ्याकडे दिली. मी त्यांच्या हातावर दही घातलं, आणि कोल्ह्याच्या पंजाखालचा मणी काढून पुढे केला. काकूंनी दही चाटलं. मणी घेतला, पुसला आणि परत माझ्या मुठीत ठेवला.

"असं नका ना करू काकू. घ्या."

"नको गं. किती जणांना आणलंय त्यानं, दमलाय. आणि मला आमच्या ह्यांच्याकडेच जायचं झालं, तर उगीच आडवा यायचा."

काकू आल्या नाहीत.

मणी मी त्याच दिवशी पंजाखाली बसवला. आता कोल्ह्यानं कुणाला आणायचं राहिलेलं नाही. त्याला फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवते, आणि सकाळी बघते तर तो दाराकडे बघत असतो. हल्ली मी वळवायचं सोडून दिलंय. कामावर निघताना "येते रे" म्हणते, आणि काकूंच्या बंद दारावरून पुढे जाते.