हिराबाईला मेण

किनाऱ्यावर ओढलेली आपली फायबरची होडी रघू सकाळपासून घासत होता. तळाला चिकटलेले शिंपले त्याने खरवडून काढले, गोड्या पाण्याने खार धुतला आणि आता तो मऊ फडक्याने मेण चढवत होता. फडकं बायकोच्या जुन्या लुगड्याचं. आमच्या कोळीवाड्यात होडीला घरातल्या बाईचं नाव देतात, तसं हिच्या पुढच्या टोकावर ‘हिराबाई’ लिहिलेलं.

खरी हिराबाई शेजारीच मासळीला मीठ लावत बसली होती. तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या.

“जरासं मेण दे रे, हातांना लावते.”

“होडीला पुरायचं नाही,” रघू मान वर न करता म्हणाला. “आणि उद्या परत मीठच ना?”

तो रागावला नव्हता, हेच वाईट. बाईचं नाव वस्तूला दिलं की माया हळूहळू वस्तूकडे सरकत असावी. होडी दरवर्षी नवी करता येते आणि ती काही मागत नाही. माणूस एकदाच नवा असतो, आणि त्याला तसं राखायचं कुणाच्या मनातही येत नाही.

रंगवलेलं नाव उन्हात लखलखायला लागलं. मी फोटोसाठी मोबाइल काढला, तसा रघूचा चेहरा खुलला.

“हिरा, सरक गो,” तो म्हणाला, “फोटोत येशील.”

ती टोपली घेऊन उठली, बाजूला झाली, आणि आपली सावली होडीवर पडत नाही ना, हे तिने वळून पाहिलं.