आधी लोकल बंद करा

दवनीवाड्यात कोणाच्या पोटात काय दुखते हे डॉक्टरच्या आधी मला कळते. डॉक्टर फी घेतो, मी नुसता चहा. धनलालचं दुखणं तर माझ्या भिंतीपलीकडचंच. त्या दुखण्याचं नाव खुमेंद्र, म्हणजे त्याचा साळा, बायको तुलसाचा धाकटा भाऊ.

धनलाल धानाची शेती करतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवतो. त्या सिंथेसायझरला गावात सगळे बाजाच म्हणतात. तुलसा हळदीची पोवारी बोलीतली गाणी अशी गाते की नवरीच्या आईच्या आधी बँडवाल्याचे डोळे भरतात. आजवर ती गायची आणि मागे हात धनलालचा असायचा. मग खुमेंद्रनं गोंदियालगतच्या फुलचूरला माडीवर स्टुडिओ टाकला, भिंतींना गादीसारखा फोम लावला आणि बहिणीला म्हणाला, तुझी गाणी रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू. वाजवायचं काम माझा कॉम्प्युटर करील, भाऊजींना त्रास कशाला!

हे 'त्रास कशाला' धनलालला असं लागलं की त्या दिवसापासून त्याला तुलसाच्या हातची भाजी खारट लागू लागली. ती भावाशी फोनवर हसली की हा टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेवटी त्यानं जाहीर केलं, गाणी इथंच होतील, याच खोलीत, याच बाजावर. गोंदियाहून एक जुना कॉम्प्युटर आला, त्याला बाजा जोडायची दोन गोल तोंडांची वायर आली. तुलसा म्हणाली, सोमवारपर्यंत तुमचं यंत्र बोललं तर इथं गाईन, नाही तर खुमेंद्र मला न्यायला येऊन राहिला.

रविवारी मी साक्षीला जाऊन बसलो. वायरीच्या एका तोंडावर इन लिहिलेलं, दुसऱ्यावर आउट. धनलालनं इनवालं बाजाच्या इनमध्ये घातलं, आउटवालं आउटमध्ये. दिसायला फार नीट. कॉम्प्युटर मात्र मुका. दुपारभर त्यानं वायर हलवली, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, थोपटलासुद्धा. खुमेंद्रला फोन लावायचा का, असं मी सहज विचारलं, तर त्यानं असं पाहिलं की मी कपात तोंड घातलं.

तुलसा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अजी, मी मायेरातून निघाली तवा तुमच्या घरात शिरली ना? मंग बाजातून निघते त्या भोकात कॉम्प्युटरात शिराची वायर लावा."

वायरीची तोंडं अदलाबदल झाली आणि पडद्यावर हिरवी पट्टी नाचली. पण आता नवंच. कळ एकदा दाबली की सूर दोनदा यायचा, एकाच्या पाठीला लागून दुसरा, तोतऱ्या माणसासारखा.

"मायेराचं नाव काढलं ना, म्हणून," धनलाल पुटपुटला.

तुलसानं भावाला फोन करून सूर दोनदा येतो ते सांगितलं. तो कुठल्याशा कार्यक्रमात होता, मागे डीजे दणाणत होता, म्हणून त्यानं मेसेज टाकला. धनलालला चष्मा सापडेना. वाचायची सेवा माझ्याकडे आली, ती मी आवाज जरा चढवून केली: "भाऊजीले सांग, आधी लोकल बंद करा."

आता आमच्याकडे लोकल कशाला म्हणतात? टिकत नाही ती बॅटरी लोकल, रंग जातो ती साडी लोकल, आणि पोस्टरवर ज्याचं नाव येत नाही तो कलाकार लोकल.

"मी लोकल?" धनलाल म्हणाला. "अन् तो कोणता मुंबईचा हाये? फुलचूरले राहून राहिला तो, फुलचूरले." त्यानं बाजावर चादर टाकली आणि बायकोला सांगितलं, "जाय तू. इंटरनॅशनल भावाकडे जाय."

सोमवारी खुमेंद्र मोटारसायकल घेऊन दारात हजर. तुलसाची पिशवी भरलेली, चेहरा उतरलेला. धनलाल आमच्याकडे पाठ करून ओसरीत बसलेला.

"काऊन जी भाऊजी," खुमेंद्रनं भोळेपणानं विचारलं, "लोकल बंद नाई केलं?"

धनलाल उठला, तेव्हा मी कप सुरक्षित जागी ठेवला. पण खुमेंद्र तोवर आत शिरून चादर ओढून मोकळा. बाजाच्या चार बोटांच्या पडद्यावर शोधत शोधत तो एका ओळीवर थांबला: लोकल, चालू. मग त्यानं समजावलं. कळ दाबली की बाजा आपला आपण वाजतो. तोच सूर कॉम्प्युटरात जातो, फिरून परत येतो आणि बाजाला पुन्हा वाजवतो. लोकल बंद केलं की बाजा स्वतःच्या मनानं वाजत नाही, फिरून आलेलं तेवढंच वाजवतो.

धनलालनं विचार केला. "म्हणजे घरच्यानं गप राहावं, अन् बाहेरून आलेल्याचंच चालावं."

"रेकॉर्डिंगले तसंच लागते, भाऊजी."

तरी ते बटण धनलालनं साळ्याला दाबू दिलं नाही, स्वतःच दाबलं. सूर एकटा आला, स्वच्छ. तुलसानं पिशवी खाली ठेवली आणि माइकपुढे बसली.

हळदीच्या गाण्यात एका जागी ती दम घ्यायला थांबते, कधी थोडी, कधी जास्त. तिथं धनलालचा हातही थांबतो, तिच्याकडे न पाहता. खुमेंद्र माउस धरून ऐकत होता. फुलचूरच्या त्याच्या कॉम्प्युटरची ताल धरणारी टकटक कोणासाठी थांबत नाही, हे त्याला माझ्याआधीच आठवलं असावं. गाणं संपल्यावर त्यानं माउस सोडला. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडं तू अशी नाई गाशील."

तुलसानं पिशवीतली साडी परत पेटीत ठेवली.

आता धनलालच्या दारावर रंगवलेली पाटी आहे, 'लोकल स्टुडिओ, दवनीवाडा'. पार देवरीकडच्या बाया गायला येतात. परवा मी फुलचूरला गेलो, तर खुमेंद्रनं मला आग्रहानं आत बसवलं आणि इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, काका, भाऊजीकडं या आठवड्यात कोण कोण आलं होतं?

चहा दोनदा दिला. त्याला आता भाजी खारट लागते का, हे विचारायचं मात्र माझ्याकडून राहून गेलं.