दूध संस्थेपुढची कुसळी

गवत मुद्दाम पेरणारा माणूस आमच्या भागात माझ्याआधी झाला नसावा. बाकी सगळे ते उपटत आले. मी पेरलं, पाणी घातलं, वर पाटीही लावली आणि वर्षभर गावाची करमणूक केली.

तेव्हा मी धारूरजवळच्या डोंगराकडेला आमच्याच गावात दूध संस्थेचा सचिव होतो. घर शेतकऱ्याचं, पण पाचवीपासून मी वसतिगृहात वाढलो. शेतीशी माझा संबंध सुट्टीत हुरडा खाण्यापुरता. दुधाची फॅट मोजता यायची, ठराव सुवाच्य अक्षरात लिहिता यायचा. एवढ्या भांडवलावर मला सगळंच कळतं अशी माझी समजूत होती.

पाऊस न झाल्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. नेमक्या त्या वर्षी मी मासिक सभेत कार्यालयापुढं हिरवळ लावायचा ठराव मांडला. तालुका संघाचे साहेब तपासणीला येतात आणि समोर नुसता मुरूम दिसतो, ते शोभत नाही, असं माझं म्हणणं. अध्यक्ष गावातले मोठे जमीनदार, कायम पांढऱ्या धोतरात. त्यांनी मान डोलावली आणि ठराव पास झाला.

हिरवळ आली, गुंडाळलेल्या सतरंजीसारखी. अंथरून झाल्यावर लक्षात आलं की तिला पाणी लागतं. गावाला टँकर दोन दिवसांआड यायचा. मी डोकं लढवलं आणि दुधाचे कॅन धुतलेलं पाणी तिच्यावर ओतायला लावलं. आठ दिवसांत ती पिवळी पडली. पंधरा दिवसांत आंबूस वास सुटला आणि माश्या घोंगावू लागल्या. दूध घालायला येणाऱ्या बायका नाकाला पदर लावून रांगेत उभ्या राहायच्या.

त्यातल्या एका काकूंनी एक दिवस शांतपणे विचारलं, "सेक्रेटरी भाऊ, अंगणात दही काहून लावलंय?"

या काकूंची एकच गाय होती. दिवाळी झाली की नवरा-बायको ऊसतोडीला जायचे आणि गाय म्हाताऱ्या सासूजवळ राहायची. बोलणं कमी, पण बोलल्या की रांगेतल्या सगळ्या बायका हसायच्या. त्या दिवशीही हसल्या. मी रजिस्टरात डोकं घालून बसलो.

पुढं सहकाराच्या एका प्रशिक्षणासाठी मला शहरात पाठवलं. त्या केंद्राच्या फाटकाशी उंच, सोनेरी गवताचे झुबके लावले होते. ऊन त्यांच्यातून आरपार जायचं आणि वारा आला की सगळे एका बाजूला झुकायचे. व्याख्यान सोडून मी तेच बघत राहिलो. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, "कुसळी आहे साहेब. तुमच्याकडच्या डोंगरातली. पाणी मागत नाही."

मी परत आलो तो शोध लावल्याच्या थाटात. अध्यक्षांना सांगितलं, "आपण बियाण्यापासून करू. देशी गवत. शोभेचं."

अध्यक्षांनी धोतराचा सोगा सावरला. "कुसळी," ते म्हणाले. "पैसा न्हाई ना लागत? मग करा."

दसरा झाला होता. डोंगरात कुसळी कुठं दाट आहे हे काकूंना माहीत, म्हणून त्यांनाच घेऊन गेलो. मी खांद्याला पिशवी, हातात वही, डोक्यावर टोपी अशा तयारीनं. त्या अनवाणी पुढं.

"गवत पेराया लागतंय व्हय?" त्यांनी वाटेत विचारलं.

"शहरात पेरतात."

"बरं," त्या म्हणाल्या आणि विषय सोडून दिला.

डोंगरावर त्यांनी मला गवताचं एक ताट दाखवलं. "हे बगा. शेंड्याला कुसळांची वेणी पडली की पिकलं. हातात धरलं की आपणहून निघून येतंय. वढावं लागलं तर कच्चं."

वेणी पडलेलं गवत मला काळपट, गुंतलेलं आणि कुरूप वाटलं. हिरवट, मोकळे तुरे जास्त देखणे होते. मी तेच ओढून ओढून पिशवी भरली. काकूंनी ते बघितलं. स्वतःच्या पदरात थोडं काळपट बी घेतलं आणि उतरायला लागल्या.

ते ओलं बी मी दुधाच्या नमुन्याच्या बाटल्यांत भरून बुचं घट्ट लावली. चार दिवसांत निम्म्याला बुरशी आली. उरलेलं मी जुन्या डब्यांत पेरलं, वडिलांच्या शेतातली माती आणून, दोन बोटं खोल. ज्वारी तशी पेरतात एवढं मला ऐकून माहीत होतं. माती दाबली, पाट्या लावल्या आणि रोज अंघोळीचं पाणी जपून त्यांना घालू लागलो. काकू तोवर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेल्या होत्या.

दीड महिना काही नाही. मग एका डब्यात हिरवं पातं दिसलं. त्या दिवशी मी फॅट मोजायला विसरलो. पाती वाढली, दुसऱ्या डब्यातही आली. येईल त्याला मी दाखवायचो. लोक वाकून बघायचे, "छान हाय" म्हणायचे आणि जायचे. वडील एकदा संस्थेत आले, डब्यापाशी थांबले, मिशीवर हात फिरवला आणि दुसरंच काही बोलून निघून गेले. अध्यक्षांनी तर संघाच्या साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब शहरातले. त्यांनी पाटी वाचली आणि माझी पाठ थोपटली.

काकू चैत्रात परत आल्या. रापलेल्या, हात उसाच्या पाचटानं चिरलेले. गाय आटली होती, तरी त्या रिकाम्या हातानं संस्थेत आल्या. मी अभिमानानं डबे पुढं केले. त्यांनी एक पातं चिमटीत धरलं.

"ही हराळी हाय," त्या म्हणाल्या.

शेतातल्या मातीबरोबर हराळीच्या मुळ्या आल्या होत्या. आख्खं गाव जन्मभर जिच्या मागं खुरपं घेऊन फिरतं, ती मी अंघोळीच्या पाण्यावर पोसली होती.

"पण कुणी बोललं कसं नाही?" मी विचारलं.

मागं उभा असलेला दूधवाला म्हणाला, "आमाला वाटलं, तुमी शिकलेले. हराळीच लावायची आसंल."

संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, तुम्हाला तरी कळलं होतं ना. ते म्हणाले, "पह्यल्या दिवशीच. पर तू लई खुशीत हुतास."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी जेवायला बसलो आणि वडिलांनी नेहमीसारखी पहिली भाकरी माझ्या ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी काकू फडक्यात बांधलेलं बी घेऊन आल्या. डोंगरावर पदरात घेतलेलं तेच. जाताना त्यांनी ते घराच्या आढ्याला टांगून ठेवलं होतं. "नवं बी उगवत न्हाई. एक उन्हाळा खाऊ द्यावा लागतोय त्याला. तुमी पुन्हा मागताल, माजा आंदाज हुता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी वहीत लिवत हुता."

मृगाच्या तोंडावर त्यांनी मुरूम खुरप्यानं नुसता ओरखडला आणि बी वर टाकलं. पुरलं नाही. कोंबड्या येऊ नयेत म्हणून वरून बाभळीच्या काट्या. मला राहवलं नाही. एक बी मी तळहातावर घेतलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. जरा वेळानं ते लांब कुसळ हळूहळू वळायला लागलं, आपलं आपण, पेच फिरवावा तसं, आणि बियाचं टोक तळहातात रुतायला लागलं. मी काकूंना हाक मारली. त्यांनी बघितलं. "ते स्वतःच जमिनीत जातंय," त्या म्हणाल्या. "त्याला सेक्रेटरी लागत न्हाई."

त्या वर्षी पाऊस दोनदाच आला. ज्वारी करपली. कुसळी मात्र उगवली, आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला कार्यालयापुढं तांबूस सोनेरी दोन ओळी उभ्या राहिल्या. सकाळी दूध घालायला आलेले लोक घटकाभर थांबायचे. मी खिडकीतून त्यांना बघायचो.

मग वार्षिक सभा आली. अध्यक्ष संघाच्या साहेबांना घेऊन, कौतुकानं, थेट त्या ओळींमधून चालत आले. सभा सुरू झाली आणि मी अहवाल वाचायला लागलो. पाहतो तो अध्यक्ष धोतरातली कुसळं उपटताहेत, साहेब पायमोजे काढून बसलेत, आणि पुढच्या रांगेतले सगळे संचालक खाली वाकलेले. आधी मला वाटलं होतं, अहवाल मन लावून ऐकताहेत.

सभा संपल्यावर अध्यक्ष एवढंच म्हणाले, "फुलायच्या आत कापत जा."

तेच बरं झालं. पुढचं वर्ष आणखी कोरडं गेलं, कडबा मिळेनासा झाला. आम्ही कुसळी कोवळी असतानाच कापून वाळवली आणि दिवाळीनंतर दोन भारे काकूंच्या सासूकडं पोचवले. काकू तेव्हा उसात होत्या. माझ्या डोक्यात मात्र शोभाच होती, त्यामुळं एक कोपरा चोरून तसाच ठेवला.

या सगळ्याचा परिणाम म्हणून केजला एका मेळाव्यात मला देशी गवतावर बोलायला बोलावलं. मी काकूंना म्हणालो होतो, तुम्हीच या, पण हंगाम सुरू झाला होता. मग वेणी, एक उन्हाळा, न पुरलेलं बी, सगळं मीच सांगितलं, त्यांनी शिकवलं असं म्हणून. हराळीचा भाग गाळला.

शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे उठले. "लई चांगलं सांगितलं," ते म्हणाले. "आता आमच्या बांधावरची कुसळी काढायची कशी, तेवढं सांगा."

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं आणि खाली बसलो. शेजारचे वक्ते टाळ्या वाजवत होते.