तिसऱ्या हाकेचं पोर्ट

काजूच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि मी ऑपरेटर म्हणून चिकटलो. आमच्या घरातला प्रत्येक पुरुष मिसरूड फुटली की मुंबई गाठतो. रत्नागिरीत उरलेला मी एकटाच, तोही या मशीनच्या जिवावर. तेवढ्यात मुंबईच्या हेडऑफिसचा फोन. सोमवारी इंजिनियर तपासायला येणार, नको ते एक जरी पोर्ट उघडं सापडलं, तर मशीन मुंबईला आणि ऑपरेटरही.

आईने ऐकलं नि माझी पेटी भरून खाटेखाली सरकवली. एवढा विश्वास.

पोर्टं म्हणजे मशीनच्या पाठीवरची आठ भोकं. भोकात वायर, वायरीच्या टोकाला टर्मिनल, म्हणजे एक पडदा नि कीबोर्ड. पाच वापरात होती. उरलेली तीन बंदच हवीत, नाहीतर कुणीही वायर खुपसावी नि थेट आमच्या हिशेबात शिरावं.

मशीनला विचारलं. सहा, सात, आठ, तिन्ही बंद.

"ऑल क्लोज्ड," मी हेडक्लार्क काकांना इंजिनियरच्या नाकातल्या आवाजात सांगितलं. हेडऑफिसच्या फोनवर तेच बोलले होते, तेव्हाच तो मी उचलला होता.

काका राजापूरचे. हसायचे ते पोटातल्या पोटात. "कडी घातलीय हे घरात बसून सांगतोस. अंगणात जाऊन दार ढकललंस का, मेल्या?"

मग जास्तीचं टर्मिनल ओढत पाठीमागे नेलं. सहाला जोडून एंटर मारलं. गप्प. सात गप्प. आठही गप्प. मी वायर उपटायला गेलो.

"थांब. रात्री बाहेरून हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ देतोस?"

"नाय. तिसऱ्या. भूत तिसरी हाक मारत नाय ना."

"मग हे मशीन काय मुंबईत राहतंय?"

परत मारलं. दोनचार वेडीवाकडी चिन्हं सांडली. तिसऱ्यांदा मारलं, तर आठ नंबर शहाण्यासारखं म्हणालं, लॉगिन. प्रत्येक दाबाला ते बोलण्याचा वेग बदलून बघत होतं, तिसऱ्याला तो आमच्या टर्मिनलशी जुळला. बसवणाऱ्याने मशीनमधल्या फाईलीत 'बंद' लिहिलेलं, विचारल्यावर मला तेच दिसलं होतं, पण ती फाईल पुन्हा वाच असं मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मग तिन्ही पोर्टांना तीन-तीन हाका. सगळी मुकी.

सोमवारी इंजिनियरने एकेकदाच एंटर मारलं नि उठायला लागले.

"साहेब, तीनदा मारा," काका म्हणाले.

त्यांनी मारलं. आठच्या तिसऱ्या दाबाला टेबलामागून मी मशीनच्या कोरड्या आवाजात म्हटलं, "घरात कोणी नाय."

साहेब दचकले, मग इतके हसले की चहा बशीत. "मशीन इथेच ठेवा. आणि यालाही. मुंबईत असले आधीच पुष्कळ आहेत."

घरी येऊन मी कुणाला काही बोललो नाही. आईने जेवायला हाक मारली. मी गप्प. दुसरी मारली. गप्प. तिसरी काही आली नाही, पळी घेऊन आईच आली.

"राहिलास ना?" माझं तोंड बघून ती म्हणाली. "मग ती पेटी उपस आधी. त्यात माझी चादर आहे."