इमानाची सोंड

भोरच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. वर्गात एका मुलीच्या अंगात आलं तेव्हा तिला ग्लुकोजचं पाणी पाजून बाकावर आडवं करणारी मीच, आणि अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी चौकातलं लिंबू उचलून मुलांसमोर सरबत करून पिणारीही मीच. त्यामुळे या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले... खरं सांगते, थोडी हसतच. आज स्वतः लिहायला बसले आहे. यात घाबरण्यासारखं काही नाही. चीड येण्यासारखं मात्र आहे.

माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — एका विमान कंपनीत रेडिओ ऑपरेटर होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे, युद्धातली उरलेली विमानं विकायला निघाली तेव्हा आपल्याकडच्या एका श्रीमंत घराण्याने तीन डाकोटा घेतल्या आणि कंपनी काढली. तिला इथे 'कृष्णाई एअर सर्व्हिस' म्हणते. खरं नाव वेगळं आहे, घराणं अजून मोठं आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव एवढीच तिची दुनिया. आई सांगायची, प्रवाशांना सामानासकट काट्यावर उभं करून वजन घ्यायचे, आणि विमान उतरायच्या आधी धावपट्टीवरच्या शेळ्या हाकलायला एक माणूस सायकलवरून जायचा. अण्णा पुण्याच्या मैदानावर एका पत्र्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसत. वैमानिकाला वारा, ढग, पाऊस सांगणं हे त्यांचं काम.

एका पावसाळी दुपारी बेळगावहून पुण्याला येणारं विमान वाट चुकलं आणि वेल्ह्याच्या डोंगरात आदळलं. नऊ प्रवासी, दोन वैमानिक. कोणी वाचलं नाही.

कंपनीने चौकशी केली. पुण्यावर ढग पार जमिनीला टेकलेत, उतरणं अशक्य आहे, हे ऑपरेटरने वैमानिकाला कळवलंच नाही, असा निष्कर्ष निघाला. अण्णा म्हणत राहिले, मी तीनदा कळवलं, समोरून उत्तर आलं नाही. प्रत्येक निरोप ते रजिस्टरमध्ये लिहीत. चौकशीच्या दिवशी त्या दुपारचं पान रजिस्टरमध्ये नव्हतं.

पुढे सरकारने सगळ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. कृष्णाईचे झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे नव्या नोकरीत गेले. अण्णा तेवढे राहिले. ते आईच्या माहेरी, भोरला आले आणि एसटी स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझा जन्म त्यानंतरचा.

मेलेल्या नऊ प्रवाशांत भोरचा एक तरुण वकील होता. त्यामुळे गावाला काही सांगावं लागलं नाही. शेजारच्या उत्रोलीचा एक गिऱ्हाईक रेडिओ काउंटरवर ठेवताना म्हणाला होता, "मास्तर, ह्येला तरी नीट बोलूद्या." मी सात वर्षांची होते. अण्णांनी मान खाली घालून स्क्रू काढायला घेतले, ते अजून दिसतं. तीस वर्षं झाली त्यांना जाऊन.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीच्या मालकांचे एक नातू घरी आले. चाळिशीचे, गोड बोलणारे, हातात मिठाईचा बॉक्स. कृष्णाईचा इतिहास छापणार होते — मोठं चकचकीत पुस्तक, जुने फोटो. अण्णांचा एखादा फोटो आहे का, विचारत होते. मी मसुदा पाहायला मागितला. अपघाताला एक परिच्छेद होता, त्यात एक वाक्य: 'रेडिओ ऑपरेटरच्या हलगर्जीपणामुळे...'

"मॅडम, तुमच्या वडिलांचं नाव कुठेही घातलेलं नाही," ते घाईने म्हणाले. "तुम्ही अजिबात काळजी करू नका."

"नाव नसलं तरी ऑपरेटर एकच होता."

"हो, पण चौकशीचे कागदच तसे आहेत ना. तुमच्याकडे दुसरं काही असेल तर दाखवा, आपण बदलू."

माझ्याकडे काय असणार? पण त्या वाक्याने माझी झोप उडाली. श्रावणात मी वेल्ह्याला गेले. तिथे तहसील कचेरीत माझा जुना विद्यार्थी रियाज आहे. आता त्याचीच मुलं कॉलेजात आहेत. मी त्याला म्हटलं, ज्यांनी ते विमान पडताना पाहिलं असं कोणी जिवंत आहे का बघ.

"बाई, एक म्हातारी आहे," तो म्हणाला. "पण ती जरा वेगळंच सांगते. तुम्हाला पटायचं नाही."

तिथल्या डोंगराच्या एका लांब धारेला लोक 'इमानाची सोंड' म्हणतात. विमानाला गावाकडे इमानच म्हणतात. मला मात्र रस्ताभर तो शब्द टोचत होता. धारेखालच्या वाडीत, रियाजच्या गाडीतून उतरल्यावर पहिलं काय दिसलं, तर एका गोठ्याच्या दाराला लावलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यावर रिबिटांच्या सरळ ओळी. त्या विमानाचाच तो; सत्तर वर्षांतही त्याची चमक गेली नव्हती.

ती म्हातारी, सोनाबाई, पडवीत नाचणी पाखडत होत्या. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, नजर चांगली, आवाज खणखणीत. सकाळचे अकरा वाजले होते. मी कोण ते सांगितलं नाही. भोरची मास्तरीण आहे, जुन्या गोष्टी गोळा करते, एवढंच म्हटलं.

"मावशी, विमान पडलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"तितंच की. सोंडंच्या टोकाला, कपारीत. धा-अकरा वर्साची व्हते. गुरं घेऊन गेल्ते. पाऊस ह्यो असा, हात पुडं केला तर दिसंना. कपारीत बसून ऱ्हायले."

"मग विमानाचा आवाज आला?"

"न्हाई. आदी मानूस बोल्ला."

रियाजने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "कोण माणूस?"

"दिसला न्हाई. पार कानाजवळ बोल्ला. आदी दोनदा खाकरला — असा." आणि सोनाबाईंनी घसा खाकरून दाखवला. दोनदा, आखूड, मधे श्वासाएवढी जागा.

माझ्या हातातला चहाचा कप मी खाली ठेवला. अण्णा काहीही महत्त्वाचं बोलायच्या आधी अगदी असेच खाकरायचे. माझं लग्न ठरल्याचं मला सांगतानासुद्धा.

"मंग कायबाय इंग्रजी बोल्ला. पुना कळलं, बेळगाव कळलं, बाकी कळलं न्हाई. तेच पुन्यांदा बोल्ला. म्या भिऊन गायीला धरून बसले. मंग तिसऱ्या टायमाला आपल्यासारकं बोल्ला. म्हनला, 'मागं फिरा हो, हात जोडतो तुमच्यापुढं, मागं फिरा.' लई कळवळून. रडकुंडीला आल्यावानी."

सोनाबाई पुढे म्हणाल्या, "म्हनलं मलाच सांगतंय. म्या उठले, गुरं वळवली न् मागं पळाले. खिंडीपातूर आले असंन... तवा इमानाचा आवाज आला, आन् दनका बसला. कपार व्हती तितं दगड बी उरला न्हाई, बाई. म्या तितं असते तर!"

आता मी जे सांगते ते नीट वाचा. विमानाशी फक्त इंग्रजीतच बोलायचं, हा कंपनीचा कडक नियम होता. अण्णांनी दोनदा इंग्रजीत सांगितलं: पुणे बंद आहे, बेळगावला परत जा. उत्तर येईना, तेव्हा तिसऱ्यांदा त्यांनी नियम मोडला. वैमानिक मराठी होता. अण्णा मराठीत ओरडले, आणि हेच शब्द ओरडले. 'हात जोडतो तुमच्यापुढं' यासकट. चौकशीत त्यांनी हे सांगितलं नाही. आधीच नोकरीवर बेतलं होतं, त्यात नियम मोडल्याची कबुली कशाला, म्हणून. पुढे ते फक्त आईला सांगितलं, आणि आईने मला, अण्णा गेल्यावर. मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

तरीही माझ्यातली मास्तरीण गप्प बसली नाही. मी सोनाबाईंना उलटसुलट विचारलं. आणखी कोणी ऐकलं का? नाही, त्या एकट्याच होत्या. तेव्हा वाडीत रेडिओ होता का?

"कुटला रेडू? माजं लगीन झाल्यावर सासऱ्यांनी आनला. त्येच्यातनं मानूस बोल्ला तशी म्या चूल टाकून भायेर पळाले. तसाच आवाज, लांबचा बी आन् जवळचा बी."

"तेव्हा पोलिसांना सांगितलं नाही?"

"बाला सांगितलं. त्यानं मुस्काटात मारली. म्हनला, पोरीला लागीर झालंय म्हनत्याल, लगीन व्हायाचं न्हाई. गप बस. बसले गप."

आता तुम्ही म्हणाल, विमानातल्या रेडिओचा आवाज आला असेल. विमान तेव्हा तिथे पोचलंच नव्हतं, आणि वैमानिक हेडफोनवर ऐकतात. रेडिओच्या लहरी हवेत असतात, पण त्यांचा आवाज करायला यंत्र लागतं. दगड आणि गाय यांच्यापासून ते बनत नाही. हे मी आठवीला शिकवलेलं आहे. म्हातारीने कुठूनतरी ऐकून गोष्ट रचली म्हणावं, तर तिला ऐकू यायला कोणी बोलायला तर हवं. भोर ते वेल्हे एसटीने दीड-दोन तासांची वाट, पण आईला मी त्या बाजूला कधी गेलेलं पाहिलं नाही.

निघताना मी सांगून टाकलं. "मावशी, तो आवाज माझ्या वडिलांचा होता."

त्यांनी पाखडायचं सूप बाजूला सारलं. मग विचारलं, "हायती का?"

"नाही. वारले."

"आगं मंग कुनी सांगायचं न्हाई व्हय मला?" त्यांचा आवाज चढला, मला चक्क रागावल्या. "भोर काय लांब हाय? म्या चालत आले असते. चार पोरं झाली मला, नातवंडं-पतवंडं, ह्यो एवडा वाडा भरलाय... त्या मानसाच्या पाया तर पडले असते!"

मी रियाजच्या गाडीत बसून रडले. तो बिचारा समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता गाडी चालवत होता.

घरी येऊन मी मालकांच्या त्या नातवांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "खूपच टचिंग आहे, मॅडम. पण हा पुरावा नाही होऊ शकत... हां, 'स्थानिक आख्यायिका' म्हणून एक छोटा बॉक्स टाकता येईल. फोटोग्राफर पाठवू का म्हातारीकडे?"

मी फोन ठेवला.

पुस्तक दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या हॉटेलात प्रकाशित झालं. एक प्रत मला कुरिअरने आली, सोबत सहीचं कार्ड. वाक्य जसंच्या तसं आहे. गोठ्याच्या दाराचा तो पत्रा मात्र पानभर छापलाय, फार सुंदर आलाय फोटो.

कसं घडलं, मला माहीत नाही. शोधून थकले. इथल्या वाचकांपैकी कोणाला रेडिओतलं खरंच कळत असेल तर जरूर लिहा; समजूत घालणारी पत्रं मात्र पाठवू नका.

शेवटच्या आजारात अण्णांना नीट बोलता येत नव्हतं. आई औषध द्यायला वाकली की ते तिचा हात धरून एकच विचारायचे, "आवाज गेला कुठं गं माझा?" आई त्यांच्या घशावरून हात फिरवायची. तिला वाटायचं, ते आजाराबद्दल विचारतायत.