तारप्याला पाठ

"तोंड इकडे करा," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. मैदानात कुणी हललं नाही.

ठाण्यातल्या एका शाळेच्या मैदानावर ट्रायल चालली होती. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. दिल्लीत प्रजासत्ताक दिनाला प्रांतोप्रांतीचे नाच होणार होते आणि आमच्या जिल्ह्यातून वारल्यांचा तारपा जायचा होता. मी प्रसिद्धी खात्यात या साहेबांचा असिस्टंट. जव्हारकडचे पाडे पालथे घालून ही पार्टी मीच जमवलेली. तारपा म्हणजे भोपळ्याचं आणि बांबूचं लांबलचक फुंकवाद्य. पार्टीचा म्होरक्या शिडवा ते मधोमध उभा राहून वाजवी, बाकीचे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती नाचत.

शिडव्याला मिरवायची हौस नव्हती. त्याला दिल्लीतल्या मोठ्या माणसाला सांगायचं होतं, की गोऱ्यानं जंगल सरकारजमा केलं ते अजून तसंच आहे. घराच्या खांबांसाठी दोन मेढी तोडल्या तरी गार्ड धरून नेतो. येताना ट्रकमध्ये हे सगळं त्यानं घोकून ठेवलं होतं.

आमच्या खात्यात 'फ्रंट' नावाची चीज होती. पाहुण्यांची खुर्ची जिकडे, तो फ्रंट. प्रत्येक आयटम तिकडे तोंड करूनच व्हायचा. वारली मात्र तारप्याकडे तोंड करून नाचतात, त्याला पाठ दाखवत नाहीत. मी हे साहेबांना सांगितलं. त्यांनी एका गोऱ्या कलेक्टरचं जाडजूड पुस्तक काढलं आणि फोटो उघडला. लंगोटीवरचे वारली सरळ रांगेत, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे. तारपेवाला मागे.

"हे ऑथेंटिक. दिल्लीला हेच जाईल. आणि ते शर्ट काढायला सांगा."

शिडव्यानं फोटो निरखून पाहिला.

"ही मानसं नाचत नाय," तो म्हणाला. "उभी केलीत त्यांना. बा सांगं, सायेब आला का शिपाय असंच उभं करं."

साहेबांनी पुस्तक काही मिटलं नाही.

मी शिडव्याला बाजूला घेतलं. एवढ्यासाठी दिल्ली घालवू नकोस, म्हटलं. जंगलाचं मग कोण सांगणार?  मग त्यानं माणसांना शर्ट काढायला लावले, रांगेत उभं केलं आणि मागे जाऊन तारपा तोंडाला लावला. रांगेनं खुर्चीकडे तोंड केलं, तारप्याला पाठ. तारपा वाजलाच नाही. त्यानं तो खाली घेतला.

"नाय जमं. यात देव हाय."

संपलं. ट्रकमध्ये चढताना त्यानं मला विचारलं, "मंग जंगलाचं कोन सांगल?" मी ट्रकची मागची फळी लावून घेतली. 

दिल्लीला गेलं कल्याणचं एक हौशी नाट्यमंडळ. सगळे कारकून, रजा टाकून आलेले, अंगाला काजळी फासून. साहेबांच्या हुकमानं मीच त्यांना फोटो बघून उभं केलं. मागे तारप्याऐवजी पेटी. टाळ्या भरपूर पडल्या. खात्याच्या पुस्तिकेत त्यांचा फोटो छापला, खाली 'अस्सल वारली नृत्य'.

पुढे एका ट्रायलला शिडव्याच्याच पाड्यावरची तरुण पार्टी आली. गोल धरून सुरेख नाचली. तोवर साहेब बदलले होते. नव्या साहेबांनी आमची पुस्तिका काढली, कारकुनांच्या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे असं हवं. यांना येत नाही."

त्या नोकरीत मी एवढं शिकलो: खुर्ची कुठे मांडली आहे ते आधी बघावं, नाच नंतर. जंगलाचं दिल्लीला अजून कुणी सांगितलेलं नाही.